शंभर कशाला धरलंय? स्पर्धा परीक्षेतले स्तंभालेख वाचताना

उजनी शून्य टक्क्यावर आली म्हणून धरण कोरडं पडलं, असं सोलापुरात कुणी समजत नाही. 'उजनी वजा वीस' ही बातमी इथल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पाणी आहे, पण ते मृत साठ्यातलं, म्हणजे तळाशी राहणाऱ्या पाण्यातलं आहे, आणि टक्केवारी मोजली जाते ती फक्त उपयुक्त साठ्यावर, हे सगळ्यांना ठाऊक असतं. परीक्षेच्या खोलीत जाताना मात्र ही समज चपलांबरोबर बाहेरच राहते. समोर स्तंभालेख आला की डोळा थेट सगळ्यात उंच स्तंभावर जातो आणि तिथेच उत्तर शोधायला लागतो.

उजनीचे आकडे कामाचे आहेत, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करू. धरणाची एकूण साठवण ११७.२३ टीएमसी. त्यातला मृत साठा ६३.६६ आणि उपयुक्त साठा ५३.५७. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट.) आता समजा, एका आलेखात मे महिन्याचा स्तंभ शून्याच्या खाली वजा ५० पर्यंत आहे आणि ऑगस्टचा वर ७५ पर्यंत. हे दोन स्तंभ उदाहरणापुरते धरले आहेत. यावर तीन प्रश्न येऊ शकतात.

मे महिन्यात धरणात पाणी किती? ५३.५७ चे ५० टक्के २६.७९. तेवढं मृत साठ्यातून वजा गेलं, म्हणजे ६३.६६ − २६.७९ = ३६.८७ टीएमसी शिल्लक. हे एकूण क्षमतेच्या साधारण ३१ टक्के आहे, अर्धं नाही.

मे ते ऑगस्ट किती पाणी आलं? इथे ७५ मधून ५० वजा करून २५ लिहिणारे बरेच असतात. स्तंभ शून्याच्या दोन बाजूंना आहेत, त्यामुळे अंतर ५० + ७५ = १२५ टक्केबिंदू. ५३.५७ × १.२५ म्हणजे जवळपास ६७ टीएमसी.

साठा किती पट झाला? या प्रश्नाला स्तंभांच्या उंचीतून उत्तरच नाही. ७५ भागिले वजा ५० याला काही अर्थ नाही, कारण आलेखातलं शून्य हे पाण्याचं शून्य नाही. आधी खरा साठा काढावा लागतो: ऑगस्टमध्ये ६३.६६ + ४०.१८ = १०३.८४, मे महिन्यात ३६.८७, म्हणजे सुमारे २.८ पट.

तीनही प्रश्नांत गणित सातवी-आठवीचं आहे. चूक होते ती शून्य कुठे आहे आणि शंभर कशाला धरलंय हे न पाहिल्यामुळे. स्तंभालेखाच्या प्रश्नांत जाणारे बहुतेक गुण इथेच जातात, भागाकारात नाही.

एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, म्हणजे सीसॅटमध्ये, ८० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास असतात. एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळतं. माहितीच्या विश्लेषणाचा भाग अभ्यासक्रमातच दहावीच्या पातळीचा ठरवून दिलेला आहे. बँकेच्या परीक्षांत याच भागाला मुलं 'डीआय' (डेटा इंटरप्रिटेशन) म्हणतात. तिथे वेळ आणखी तोकडा आणि आकडे जास्त वाकडे. दोन्हीकडे कॅल्क्युलेटर नाही. पद्धत मात्र एकच चालते.

पहिलं अर्धं मिनिट

पाच प्रश्नांच्या संचाला साडेसात मिनिटं धरली, तर पहिलं अर्धं ते एक मिनिट एकही प्रश्न न वाचता आलेखाला द्यावं. हे पटायला जड जातं, पण वेळ इथेच वाचतो.

आधी शीर्षक आणि एकक. उत्पादन 'हजार नगांत' आहे की 'लाखांत', कांद्याची आवक क्विंटलमध्ये आहे की टनात? एक टन म्हणजे दहा क्विंटल, दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. गुणोत्तर आणि टक्केवारी काढताना एकक आपोआप उडतं, तिथे त्याच्यामागे लागू नये. बेरीज, फरक आणि सरासरी विचारली की एकक उत्तरात उतरतं. पर्यायांत १५ आणि १५,००० दोन्ही दिसले, तर प्रश्न एककाचाच आहे.

मग Y-अक्ष कुठून सुरू होतो ते बघायचं आणि एका घराची किंमत काढायची. अक्षावर ०, २०, ४० असे आकडे आणि मधे पाच बारीक घरं असतील, तर एक घर ४ चं. घाईत ते ५ धरलं जातं आणि पुढची पाचही उत्तरं थोडी थोडी चुकतात. आकडे जवळचे असल्यामुळे ही चूक लक्षातही येत नाही.

शेवटी खुणांची सूची. छापील पेपर काळा-पांढरा असतो; तिरप्या रेघांचा स्तंभ कोणाचा आणि ठिपक्यांचा कोणाचा हे एकदा बोटाने जुळवून घ्यावं. आलेखाखाली बारीक अक्षरांत टीप असेल, तर ती सजावटीसाठी दिलेली नसते.

एवढं झालं की प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर पेन्सिलीने त्याचा आकडा लिहून टाकावा. संगणकावरच्या परीक्षेत पडद्यावर लिहिता येत नाही, तिथे कच्च्या कागदावर लहानसा तक्ता करावा. त्यानंतर चित्राकडे बघायचंच नाही.

स्तंभ आडवे असले तर? काही बदलत नाही, मोजपट्टी फक्त X-अक्षावर येते. स्तंभालेखाचे सर्वात जुने म्हणून ओळखले जाणारे नमुने आडवेच होते. १७८६ साली विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने ते छापले. त्याच्याकडे स्कॉटलंडच्या व्यापाराचे एकाच वर्षाचे आकडे होते, काळाची रेघ काढायला काही नव्हतं, म्हणून त्याने १७ ठिकाणांशी झालेली आयात-निर्यात जोडीजोडीने पट्ट्यांत मांडली. आजचा जोडस्तंभालेख तोच आहे.

अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल तेव्हा

सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या जनगणनेप्रमाणे १९९१ मध्ये ३२.३१ लाख, २००१ मध्ये ३८.५० लाख आणि २०११ मध्ये ४३.१८ लाख. आता हा आलेख काढताना कुणी Y-अक्ष ३० लाखांपासून सुरू केला, तर कागदावर स्तंभांची उंची २.३१, ८.५० आणि १३.१८ एवढीच उरते. तिसरा स्तंभ पहिल्याच्या पावणेसहा पट दिसतो. खरं गुणोत्तर ४३.१८ भागिले ३२.३१, म्हणजे १.३४. जिल्हा वीस वर्षांत सव्वा-दीड पटीच्या मधे वाढला आणि चित्र सांगतंय पावणेसहा पट!

असा अक्ष काढणं चूक नाही. शाळेच्या पुस्तकात अक्षसंकोच शिकवतात, आरंभबिंदूजवळ नागमोडी खूण असते, ते हेच. मात्र अशा आलेखात उंचीवरून 'पट', 'गुणोत्तर' किंवा 'टक्के' काढायचे नाहीत, अक्षावरचे आकडे वाचूनच काढायचे. 'फरक' मात्र घरं मोजून काढला तरी बरोबर येतो, कारण खालचा कापलेला भाग दोन्ही स्तंभांना सारखाच असतो.

याच आकड्यांत आणखी एक सापळा आहे. पहिल्या दशकात वाढ ६.१९ लाख, म्हणजे १९.१४ टक्के. दुसऱ्या दशकात ४.६८ लाख, म्हणजे १२.१६ टक्के. प्रत्येक स्तंभ आधीच्यापेक्षा उंच आहे, तरी वाढीचा वेग उतरला. 'लोकसंख्या घटली' आणि 'वाढीचा दर घटला' ही दोन वाक्यं पर्यायांत शेजारी शेजारी ठेवलेली असतात. दुसरं खरं, पहिलं खोटं.

पेक्षा, पैकी, च्या, नी

इंग्रजीतून शिकलेल्या युक्त्या बाजूला ठेवा; मराठी प्रश्नात शंभर कशाला धरायचं हे शब्दाला लागलेलं शेपूटच सांगतं. सरावासाठी एका चादर-टॉवेलच्या कारखान्याचे काल्पनिक आकडे घेऊ, हजार नगांत:

चादरी: २०१९ – ४०, २०२० – २५, २०२१ – ३५, २०२२ – ५०, २०२३ – ४५
टॉवेल: २०१९ – ६०, २०२० – ४५, २०२१ – ७०, २०२२ – ८०, २०२३ – ९०

पाच वर्षांत चादरी एकूण १९५, टॉवेल ३४५, फरक १५०. टॉवेल चादरींपेक्षा किती टक्के जास्त? 'पेक्षा' चादरींना लागलंय, म्हणून खाली १९५: उत्तर ७६.९ टक्के. चादरी टॉवेलपेक्षा किती टक्के कमी? आता 'पेक्षा' टॉवेलला, खाली ३४५: उत्तर ४३.५ टक्के. फरक तोच, छेद बदलला. ज्याला 'पेक्षा' चिकटलं, तो छेदात. हा नियम जवळपास कधीच दगा देत नाही.

'पैकी' असेल तर छेदात एकूण. कोणत्या वर्षी एकूण उत्पादनापैकी चादरींचा वाटा सर्वाधिक? डोळा २०२२ कडे जातो, कारण चादरीचा सर्वात उंच स्तंभ तिथे आहे. पण एकूण उत्पादन आहे १००, ७०, १०५, १३०, १३५. वाटे निघतात ४०, ३५.७, ३३.३, ३८.५ आणि ३३.३ टक्के. उत्तर २०१९. पाचही भागाकार पूर्ण करायची गरज नव्हती: २०१९ चे ४० टक्के समोर आहेत, बाकीच्या वर्षांत एकूणचे ४० टक्के काढून चादरी त्याहून कमी आहेत का एवढंच बघायचं. १३० चे ४० टक्के ५२, चादरी ५०. संपलं.

'च्या' आणि 'नी' यांची जोडी सर्वात जास्त फसवते. २०२३ मधले टॉवेल २०१९ च्या किती टक्के? ९० भागिले ६०, म्हणजे १५० टक्के. किती टक्क्यांनी वाढले? ५० टक्क्यांनी. 'तिप्पट झालं' म्हणजे २०० टक्क्यांनी वाढलं, ३०० नाही. पेपर दोन्ही भाषांत छापलेला असेल आणि मराठी वाक्य संदिग्ध वाटलं, तर शेजारचं इंग्रजी वाक्य वाचून घ्यावं; त्यात कमीपणा काही नाही.

आता एकच प्रश्न बारकाईने बघा. २०१९ ते २०२० चादरींचं उत्पादन किती टक्क्यांनी घटलं? पर्याय: १५, ३७.५, ६०, ६२.५. घट १५, पाया ४०, उत्तर ३७.५. बाकीचे तीन आकडे हवेतून आलेले नाहीत. १५ हा नुसता फरक आहे, टक्के काढायचे राहिले. ६० म्हणजे १५ भागिले २५, पाया चुकीच्या वर्षाचा धरला. ६२.५ म्हणजे २५ हे ४० च्या किती टक्के. 'घटलं'ऐवजी 'उरलं' याचं उत्तर. प्रश्न काढणारा तुमच्या चुका आधीच करून बसलेला असतो. म्हणून आपलं उत्तर पर्यायांत सापडलं, एवढ्यावर खूश होऊ नये.

तो ६० टक्क्यांचा आकडा दुसऱ्या प्रश्नाचं मात्र बरोबर उत्तर आहे: २०२० नंतर उत्पादन पुन्हा २०१९ एवढं व्हायला किती टक्के वाढ हवी? ३७.५ टक्क्यांनी पडलेलं ३७.५ टक्क्यांनी वर येत नाही.

सरासरी आणि वर्षांची मोजणी

टॉवेलची सरासरी काढताना बेरीज करून भागण्यापेक्षा मधला एखादा आकडा मनात धरावा. ७० धरला तर फरक −१०, −२५, ०, +१०, +२०. बेरीज −५, भागिले ५ म्हणजे −१. सरासरी ६९. सरासरीपेक्षा जास्त उत्पादन किती वर्षं झालं? तीन. २०२१ चे ७० हे ६९ पेक्षा एकानेच जास्त आहेत आणि नजरेच्या अंदाजाने उत्तर देणाऱ्याला ते सरासरीएवढेच वाटतात.

२०१९ ते २०२३ ही वर्षं पाच, पण टप्पे चार. सरासरी वार्षिक वाढ विचारली की (९० − ६०) भागिले ४, म्हणजे ७.५ हजार. पाचाने भागलं तर ६ येतं, आणि ६ हा पर्याय असतोच.

एकावर एक रचलेले स्तंभ

विभाजित स्तंभालेखात फक्त सर्वात खालचा भाग शून्यापासून सुरू होतो. डाळिंबाच्या क्रेटांचा स्तंभ धरा: खालचा भाग ४५ पर्यंत, मधला ७० पर्यंत, वरचा १०० पर्यंत. मधल्याची किंमत २५, ७० नव्हे. एवढं सांभाळलं की बाकी साध्या स्तंभालेखासारखंच.

शतमान स्तंभालेख वेगळा. इथे प्रत्येक स्तंभ १०० टक्क्यांचाच असतो, त्यामुळे उंची काहीच सांगत नाही. एका गावात ६० टक्के क्षेत्र ज्वारीखाली, दुसऱ्या गावात ४० टक्के. ज्वारीचं क्षेत्र कुठे जास्त? उत्तर सांगता येत नाही, आणि 'दिलेली माहिती अपुरी आहे' हा पर्याय तिथे बरोबर असतो. पहिल्या गावाचं एकूण क्षेत्र ५०० हेक्टर आणि दुसऱ्याचं ९०० असं कळलं, तर ज्वारी ३०० आणि ३६० हेक्टर. कमी टक्क्याच्या गावात जास्त. दोन्ही गावं मिळून टक्केवारी किती? ६० आणि ४० ची सरासरी ५० नाही. ६६० भागिले १,४००, म्हणजे ४७.१ टक्के. मोठं गाव टक्केवारी आपल्याकडे ओढतं. टक्क्यांची सरासरी थेट काढायची ती फक्त पाया सारखा असेल तेव्हाच.

वाढीच्या दराचा स्तंभालेखही याच घराण्यातला. Y-अक्षावर उत्पादन नसून 'मागील वर्षाच्या तुलनेत वाढ, टक्के' असं लिहिलेलं असतं. स्तंभ १०, २०, ५ असे आहेत. उत्पादन सर्वाधिक कोणत्या वर्षी? तिसऱ्या, जरी त्याचा स्तंभ सर्वात ठेंगणा असला तरी. सुरुवात १०० धरली तर ११०, १३२, १३८.६. एकूण वाढ ३८.६ टक्के, १० + २० + ५ करून येणारे ३५ नाही. उत्पादन खरोखर घटतं ते स्तंभ शून्याच्या खाली गेला तरच. उजनीच्या आलेखात शून्याखालचा स्तंभ 'साठा मृत पातळीखाली' असं सांगतो, इथे तोच 'यंदा घट' असं सांगतो. चित्र एकसारखं, शून्याचा अर्थ वेगळा.

वेळ आणि गुण

संचातले प्रश्न छापलेल्या क्रमानेच सोडवायचे असं बंधन नाही. सर्वात जास्त-सर्वात कमी आधी, मग फरक आणि बेरीज, मग टक्केवारी. सगळ्या वर्षांची तुलना मागणारा प्रश्न शेवटी. पर्याय एकमेकांपासून दहा-दहा टक्के लांब असतील, तर आकडे बिनधास्त गोल करावेत. पर्याय ३७.५ आणि ३८.२ असे खेटून असतील, तेव्हाच पूर्ण भागाकार. त्यासाठी काही अपूर्णांक तोंडपाठ हवेत: १/६ म्हणजे १६.६७ टक्के, १/७ म्हणजे १४.२९, १/८ म्हणजे १२.५, १/९ म्हणजे ११.११, १/११ म्हणजे ९.०९, १/१२ म्हणजे ८.३३. ३/८ बघताच ३७.५ आठवलं, तर वरच्या चादरीच्या प्रश्नाला दहा सेकंदही लागत नाहीत.

आणि गणित जमलंच नाही तर डोळ्याचा उपयोग आहे. २०२० चा चादरीचा स्तंभ २०१९ च्या निम्म्याहून उंच आहे, म्हणजे घट ५० टक्क्यांच्या आतच असणार. ६० आणि ६२.५ तिथेच बाद. (अक्ष शून्यापासून आहे याची खात्री आधी केलेली असेल तरच.) सीसॅटमध्ये बरोबर उत्तराला अडीच गुण आणि चुकीला त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ०.६२५ वजा. चार पर्यायांत आंधळेपणाने ठोकलं, तर सरासरीने प्रश्नामागे ०.१६ गुण हाती लागतो, म्हणजे नसल्यातच जमा. दोन पर्याय बाद करून उरलेल्या दोनांत ठोकलं, तर तीच सरासरी ०.९४ वर जाते. पात्र व्हायला ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण लागतात. एकही चूक नसेल तर २७ बरोबर प्रश्नांत ते होतात, आणि स्तंभालेखाचा पाच प्रश्नांचा एक संच पूर्ण जमला तर त्यातले साडेबारा गुण एका पानावर मिळून जातात.